बोटीवरची चार पोरं आणि ऑरिनचं जेवण

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा तीच बोट आणि तीच चार पोरं! दर जानेवारीत तिसरीच्या वर्गाला मी हे पुस्तक शिकवते, कारण जानेवारीत दुसरं काही शिकवताच येत नाही. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, मधल्या सुट्टीचं मैदान बंद, आणि पोरं नुसती भिंतींवर चढायची बाकी. अशा वेळी आईबाप गेलेली चार भावंडं नदीकाठच्या पडक्या बोटीत बिऱ्हाड करतात, स्वतःची चूल स्वतः पेटवतात, कुणापुढे हात पसरत नाहीत — हे वाचायला घेतलं की निदान थोडा वेळ शांतता मिळते.

आईबाप पहिल्याच पानावर जातात. लिहिणारीनं उगाच वेळ काढलेला नाही.

पहिला हात लीफचा. हा मुलगा सदा भुकेला. "मग त्या दिवशी जेवायला काय होतं?"

दुसरा गाओनूचा. ही सात भावंडांतली थोरली. "चारच जण? आणि धाकटा सहा वर्षांचा? मग त्यात काय एवढं, मिस!"

तिसरा मारेनचा. मारेन हात वर करते ती परवानगी मागायला नाही, सूचना द्यायला. "मिस टोलेफसन, तुमचे आईबाबा कुठे असतात?"

"वारले."

"दोघं?"

"दोघंही."

"म्हणजे तुम्ही अनाथ!"

मी म्हटलं, अगं, अनाथ लहान मुलांना म्हणतात. गाओनूनं विचारलं, किती वयापर्यंत? आता आली का पंचाईत! तेवढ्यात लीफ म्हणाला, "आणि मिस घरी पण एकट्याच असतात!" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. त्यात थंडीतून आत आलं की माझ्या डोळ्यांना तासभर पाणी येत राहतं. चष्मा काढून डोळे पुसले आणि दुसरं प्रकरण सुरू केलं.

७ जानेवारी

टेबलावर अर्धं सँडविच. लीफचं. अर्धं म्हणजे त्यानं खाऊन उरलेलं, पण लीफनं काही उरवलं हेच नवल! शेजारी गाजरं आणि एक हातमोजा (फक्त डावा). मारेन बाजूला उभी राहून म्हणाली, "आम्ही आहोत, मिस."

मी म्हटलं, अगं, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, मला पगार मिळतो. तिनं माझ्याकडे अगदी तसं पाहिलं, जसं मी तिच्याकडे पाहते — 'गृहपाठ घरी राहिला' म्हणते तेव्हा.

गृहपाठ दिला: बोटीवरच्या मुलांसारखं एक काम घरी स्वतःचं स्वतः करा आणि उद्या सांगा.

८ जानेवारी

गृहपाठ फार मनावर घेतला गेला. मारेननं धाकट्या भावाचे केस कापले. पुस्तकात थोरली बहीण कापते, म्हणून! भावाला आज टोपी घालून शाळेत पाठवलंय, आणि ती वसंत ऋतूपर्यंत काढायची नाही असं त्याच्या आईनं मला फोनवर बजावलं. लीफनं सूप केलं — गरम पाणी, टोमॅटो सॉस आणि कुत्र्याची बिस्किटं. कुत्र्यानं तोंड लावलं नाही. लीफनं दोन वाट्या घेतल्या. गाओनूनं काय केलं? "रोजचंच." म्हणजे भात लावला, दोघांना आंघोळ घातली, एकाचं नाक पुसलं, एकाला धपाटा घातला. यातला गृहपाठ कोणता म्हणायचा हे तिचं तिलाच कळेना.

संध्याकाळी दारात लव्हॉन! चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. तिला विचारल्याशिवाय या गावात कॉफीसुद्धा उकळत नाही. हातात टॉवेलात गुंडाळलेली हॉटडिश — खाली खिमा, मध्ये मश्रूमचं घट्ट सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर.

"काही नाही गं, जास्तीची झाली होती."

"अगं, कशाला!"

"राहू दे."

"नको गं, खरंच."

"घे म्हणते ना."

घेतली. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच घेतली तर हावरट, तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर शिष्ट. जाताना लव्हॉननं माझा दंड दाबला. लव्हॉननं! शाळेपासूनची ओळख, पण आजवर आम्ही एकमेकींना बोट लावलेलं नाही.

९ जानेवारी

आज आणखी तीन हॉटडिश. एकीत मका, एकीत टर्की, एकीत काय ते करणारीलाच ठाऊक. सगळ्या भांड्यांच्या बुडाला नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणजे भांडी घासून परत करायची आहेत. येणारा प्रत्येकजण मान जरा कलती करून विचारतो, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे." मग ते एकमेकांकडे बघतात. फ्रीज भरला. बाकीची मागच्या ओसरीवर ठेवली, तिथं फ्रीजपेक्षा जास्त गार आहे.

कशाबद्दल, ते कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही. विचारलं तर समोरचा ओशाळतो, आणि समोरच्याला ओशाळं करण्यापेक्षा आपल्याकडची माणसं मुकाट्यानं खातात.

१० जानेवारी, शुक्रवार

हॅम आला! अख्खा. डुकराची भाजलेली मांडी, लवंगा टोचलेली.

हॉटडिश कशालाही येते — पाय मुरगळला, बाळ झालं, बॉयलर फुटला. अख्खा हॅम फक्त मरणाला येतो.

कोण गेलं? आणि एकदम लख्ख प्रकाश पडला. डिसेंबरात मी रक्त तपासून घेतलं होतं. दवाखान्यात फोन उचलणारी पोरगी लव्हॉनची भाची! म्हणजे माझं काय ते माझ्याआधी गावाला कळलंय. मी मरणार आहे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून कुणी मला सांगत नाहीये.

शाळेत मुख्याध्यापक गेस्के यांनी दार लावून घेतलं. "व्हर्ना, हवी तितकी रजा घ्या." गेस्के यांनी! गेल्या वर्षी मला ताप होता तर यांनी थर्मामीटरचा आकडा विचारला होता. मग तर खात्रीच पटली.

वर्गात मी फार मऊ वागले. लीफनं पुस्तकाचं पान चाटलं, तरी काही बोलले नाही. बोटीवरची पोरं शेगडी बनवतात ते प्रकरण वाचताना तीनदा चष्मा काढून पुसला. शेगडीच्या प्रकरणात! पोरं घाबरून ताठ बसली. गाओनू हळूच म्हणाली, "मिस, ती शेगडी पुढे पेटते हं."

११ जानेवारी

न राहवून दवाखान्याला फोन केला. "सगळं उत्तम आहे, बाई. फक्त मीठ जरा कमी करा."

ओसरीवर अख्खा हॅम पडलाय आणि म्हणे मीठ कमी करा. ठीक. मी मरत नाहीये. मग मेलं कोण?

१२ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये पास्टरबाईंनी प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेतली, प्रवासाला गेलेल्यांची घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि आपली व्हर्ना. तिचा धाकटा भाऊ ऑरिन नुकताच आपल्याला सोडून गेला."

मी 'आमेन' म्हटलं. सवयीनं! भाऊ गेल्याचं ऐकलं आणि वर आमेन म्हटलं!

ऑरिन तळ्यापलीकडच्या गावात असतो, गाडीनं तासाभराच्या वाटेवर. आम्ही बोलत नाही. भांडण झालेलं नाही — आमच्या घरात कुणी भांडतच नाही. भांडलो असतो तर केव्हाच मिटलं असतं. आईच्या मातीच्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवण होतं. अख्खं गाव आलेलं. आणि आईचा एकुलता एक मुलगा ताटाला हात न लावता उठून गेला. कुठे? तर गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायला! मी एकटी सगळ्यांना कॉफी ओतत 'तो जरा बाहेर गेलाय' म्हणत हिंडत होते. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. सहा नाताळ गेले. गावाला यातलं काही माहीत नाही. विचारलं की मी म्हणते, ऑरिन मजेत आहे.

तर आता भर चर्चमध्ये उभी राहून काय विचारू? अहो, माझा भाऊ खरंच गेला का हो? सख्ख्या बहिणीला ठाऊक नाही म्हटल्यावर गाव काय म्हणेल! तीन भजनं तशीच म्हटली. नंतर कॉफी घेतली. सगळे माझ्या बशीत वड्या वाढत राहिले.

घरी येऊन त्याला फोन लावला. फोनच्या यंत्रातून त्याचा आवाज: "ऑरिन. बर्फावर आहे. नंतर." जिवंत माणसाचाही निरोप याचा असाच! पण यंत्राला काय, माणूस गेला तरी ते तेच सांगत राहणार. पुन्हा लावला. पुन्हा लावला. निरोप काही ठेवला नाही, नुसता तो आवाज ऐकला. मग ओट्यापाशी उभी राहून रडले. इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावून होते. राग धरायलासुद्धा तो माणूस कुठेतरी असावा लागतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

१३ जानेवारी, सोमवार

मारेन वर्गात आली ती काळा स्वेटर घालून. "मिस, तुमच्या भावाबद्दल आम्हाला फार वाईट वाटतं."

मी धीर एकवटून विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आईनं."

"आईला?"

"लव्हॉनबाईंनी."

गाओनूनं मागून विचारलं, "आणि लव्हॉनबाईंना?" या मुलीला पुढेमागे न्यायाधीश करायला हवं.

लीफचे कान लाल. "माझ्या आईनं. पण मी भावाचं काही बोललो नव्हतो! मी एवढंच सांगितलं की मिस अनाथ आहेत, घरी एकट्या असतात आणि वर्गात डोळे पुसत होत्या. मग आई म्हणाली, अरे देवा, म्हणजे व्हर्नाचं कुणीतरी गेलं! मग लव्हॉनबाई म्हणाल्या, आईबाप तर तिचे कधीच गेले, नवरा नाही, म्हणजे भाऊच. मग त्या हॉटडिश करायला लागल्या."

मी हसले. मोठ्यानं, टेबलाला धरून! पोरं खुर्च्यांसकट मागे सरकली. कुणाला काही माहीत नव्हतं! नुसत्या वजाबाकीनं माझा भाऊ मारला होता! "पोरांनो, ऑरिन जिवंत आहे. घरी जाऊन सगळ्यांना सांगा."

जिवंत आहे. असणारच. फोन उचलत नाही, पण तो कधी उचलायचा?

१४ जानेवारी

पोरांनी सांगितलं. आज पाच हॉटडिश आल्या.

लीफ म्हणाला, "मी घरी सांगितलं, मिस म्हणतात त्यांचा भाऊ जिवंत आहे. तर आईनं तोंडावर हात घेतला. म्हणाली, बिचारी! अजून मानायला तयार नाही."

गेस्के यांनी माझ्यासाठी समुपदेशक बाईंची वेळ घेऊन ठेवली आहे. मी म्हटलं, अहो, तो खरंच जिवंत आहे. ते म्हणाले, "हो, हो. आपल्या आठवणीत."

आणि लव्हॉन! संध्याकाळी येऊन सांगते, "शनिवारी तळघर मोकळं आहे. ऑरिनसाठी छोटंसं जेवण ठेवतोय. तुला काही बघायचं नाही."

"नको गं, लव्हॉन."

"राहू दे."

"खरंच नको. तो… अगं, ऑरिन आहे."

"माहीत आहे गं. कायमच असणार आहे."

आणि मी तिसऱ्यांदा तोंड उघडेपर्यंत बाई गाडीत बसून गेलीसुद्धा! दोनदा नको म्हटलं, म्हणजे तिच्या हिशेबी माझा होकार झाला.

शाळेत आज गाओनूला विचारलं होतं, कुणी मानतच नाही, काय करू गं? नऊ वर्षांच्या पोरीला विचारायची वेळ आली. ती म्हणाली, "त्यांनाच बोलवा की. दिसले की सगळे मानतील."

जसं काही सोपंच आहे!

१५ जानेवारी

आज नेमकं ते प्रकरण. बोटीवरचा मोठा भाऊ बहिणीवर रुसून किनाऱ्यावर जाऊन बसतो. बहीण बोटीत. दोघांना एकमेकांचा दिवा दिसतो. तिनं एक हाक मारली तर तो येईल, पण ती मारत नाही. मला हे प्रकरण फार आवडायचं. केवढी मानी मुलगी, असं वाटायचं.

मारेन कडाडली, "मूर्ख आहे ती! हाक मारायला काय जातं?"

मी म्हटलं, "चूक त्याची आहे. तो उठून गेला."

"मग?"

"मग त्यानंच परत यायला हवं."

लीफ म्हणाला, "पण तो उपाशी आहे, मिस." याच्याकडे दुसरा मुद्दा नसतोच.

गाओनूनं सांगितलं, "आमच्याकडे कुणी रुसलं तर मी त्याच्या वाटचं खायला लागते, मोठ्यानं आवाज करत. लगेच येतो."

मी सांगत बसले — स्वाभिमान म्हणजे काय, कधीकधी माणसानं कसं थांबायचं असतं. पोरं माझ्याकडे बघत होती. शेवटी मारेन म्हणाली, "मिस, तुम्ही तिच्याच बाजूनं का बोलताय? तिलाही एकटीला बरं वाटत नाहीये. पुस्तकात लिहिलंय तसं."

लिहिलंय खरं. मी दरवर्षी ती ओळ भरभर वाचून पुढे जाते.

घरी आले, कोट न काढता फोन लावला. यंत्र. "ऑरिन. बर्फावर आहे. नंतर." मी म्हटलं:

"ऑरिन, मी व्हर्ना. शनिवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या तळघरात तुझं जेवण आहे. तू वारलास असं इथं ठरलंय. मी पुष्कळ सांगितलं, पण कुणी ऐकत नाही. लव्हॉन हॅम करतेय. तू ये. जेवणासाठी नाही… म्हणजे, जेवणासाठी ये. पण ये."

मग घाबरून फोन ठेवला. सहा वर्षांनी बोलले ते असलं!

१६ जानेवारी

रात्रभर बर्फ, शाळा बंद. फोन वाजला की धावत जाते. दोनदा लव्हॉन, एकदा पास्टरबाई — ऑरिनला कोणतं भजन आवडायचं?

मी म्हटलं, त्याला कुठलंच आवडत नाही. त्या म्हणाल्या, "किती छान! 'आवडत नाही' म्हणालीस. अजून वर्तमानकाळातच आहेस. ठीक आहे, घाई नको करूस."

१७ जानेवारी

फोन नाही. लव्हॉननं टेबलावर ठेवायला ऑरिनचा फोटो मागितला. माझ्याकडे होता तो दिला — नऊ वर्षांचा, हातात त्याच्या हाताएवढा मासा, पुढचे दात नाहीत. ती फोटो बघून रडली. मीही रडले. तिचं कारण खोटं होतं, माझं खरं.

कुणी दोन दिवस फोन उचलत नाही म्हणजे काय समजायचं? उद्या जेवणानंतर मीच गाडी काढून जाईन. तो कुठे आहे ते बघेन. मग तो काही का म्हणेना.

१८ जानेवारी, शनिवार

सगळं आठवेल तसं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

तळघर भरलेलं. लांब टेबलं, हॅमचे पाव, लोणची, तीन रंगांची जेली. एका टोकाला मासा धरलेला नऊ वर्षांचा ऑरिन. पास्टरबाई उभ्या राहिल्या, कागद उघडला, "ऑरिन टोलेफसन आज आपल्यात नाही —" आणि जिन्याचं दार वाजलं. बूट झटकल्याचा आवाज. ऑरिन आत आला.

बारीक झालाय. दाढी पिकलीय. डोक्यावर कानटोपी.

कुणी किंचाळलं नाही, कुणाच्या हातून बशी पडली नाही. आम्ही त्यातले नव्हेच. सगळ्यांनी कॉफीचा एक घोट घेतला. पास्टरबाईंनी कागदाकडे पाहिलं, ऑरिनकडे पाहिलं, कागद घडी करून खिशात घातला. "चला, जेवून घ्या," म्हणाल्या.

लव्हॉन पुढे झाली. "ऑरिन."

"लव्हॉन."

"बरा दिसतोस."

"थंडी आहे."

"आहे खरी. पाव देऊ?"

"नको, राहू दे."

"अरे, घे."

"नको, खरंच."

"घे म्हणते ना."

घेतला. स्वतःच्या फोटोसमोर बसून खाल्ला. पुन्हा मागितला. शेजारचे रस्त्यांबद्दल बोलत होते, बर्फ किती जाड झालाय याबद्दल बोलत होते. तो मेलाय असं काल सगळ्यांना माहीत होतं आणि आज तो जेलीला हात लांबवत होता — पण यावर कुणी अवाक्षर काढायला तयार नाही! फक्त लव्हॉननं जाताजाता फोटो उचलून ॲप्रनच्या खिशात टाकला.

लीफ मात्र थेट समोर जाऊन उभा. "मेलेले ते तुम्हीच का?"

त्याची आई शेजारी तांबडीलाल. ऑरिननं घास गिळला. "हो. मीच."

"मग हॅम कसा लागतोय?"

"खारट आहे जरा. पण चांगला आहे."

मारेन माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "बघा! एक हाक मारली आणि आले." गाओनूनं ऑरिनच्या ताटाकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, माझ्या ताटात दोन पाव वाढले आणि मला ढकलत ढकलत त्याच्या शेजारी नेऊन बसवलं.

बसले. काय बोलू! सहा वर्षं मनात केवढी भाषणं रचली होती. एकही आठवेना.

तोच म्हणाला, ताटाकडे बघत, "आईच्या वेळी मला बसवेना. सगळे जेवत होते. हसत होते. मला वाटलं, मी आता ओरडेन. म्हणून उठलो."

"मला सांगायचं होतंस."

"तू कॉफी ओतत होतीस."

"मग आज कसा बसलास?"

"आज माझंच होतं." जरा थांबून म्हणाला, "आणि तू 'ये' म्हणालीस."

मी त्याच्या हातावर हात ठेवला, तळघरात, सगळ्यांदेखत! लव्हॉननं तोंड फिरवलं आणि नसलेली कॉफी ओतायला लागली.

रस्ते निसरडे झालेत, म्हणून ऑरिन आज इथंच राहणार. आईच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलंय. झोपेत अजून तसाच घोरतो. बरं वाटलं ऐकून.

१९ जानेवारी

सकाळी नाश्त्याला ऑरिननं सांगितलं. बुधवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, शहरातल्या मोठ्या इस्पितळात. नाताळच्या आधीपासून ठरलंय. कुणाला बोलला नाही. एकटा बर्फावर जाऊन बसायचा, फोन गाडीत ठेवून. डॉक्टर म्हणतात घरचं माणूस बरोबर हवं, आणि त्यानं त्यांना सांगितलं होतं की माझं कुणी नाही.

मग म्हणाला, "काही झालंच, तर एक बरं. जेवण उरकलंय."

मला हसू फुटलं. तोही हसला. गेस्के यांना फोन करून सांगितलं, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बदली बाईंना वाचू द्या. आम्ही मंगळवारी निघतोय. गाडी मी चालवणार.